उत्तरेची खिडकी

अजिंठ्याच्या लेण्यांत विजेचे दिवे नीटसे नव्हते, तेव्हा तिथे एक साधी युक्ती चालायची. दाराशी उन्हात उभा असलेला माणूस पांढरी चादर किंवा चकचकीत पत्रा तिरपा धरायचा. ऊन त्यावर आदळून आत वळायचे आणि भिंतीवरचे रंग हळूहळू डोळ्यांसमोर यायचे. छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात फोनवर साडीचा किंवा फराळाचा फोटो काढणाऱ्या बाईलाही नेमकी हीच युक्ती उपयोगी पडते. फोटोवाले त्या चादरीला रिफ्लेक्टर म्हणतात. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी कार्डशीट ते काम चोख करते.

घरबसल्या विक्री सुरू करणारे बहुतेकजण आधी नव्या फोनचा विचार करतात. खरे तर आधी बघायची ती खिडकी. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख डोंगरात कोरलेली आहेत, म्हणून जाणकार छायाचित्रकार तिथे दुपार कलल्यावर जातात. घरालाही असाच दिशेचा हिशेब असतो. पूर्वेच्या खिडकीत सकाळी आणि पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळी थेट ऊन येते. त्यात सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि पांढरा भाग जळल्यासारखा दिसतो. उत्तरेच्या खिडकीतून येतो तो आकाशाचा मऊ, पसरलेला उजेड. हे शहर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे शून्य सावली दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत भरदुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. दिवाळीच्या दिवसांत मात्र तो दिवसभर दक्षिणेकडे राहतो. विक्रीच्या ऐन हंगामात उत्तरेची खिडकी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कामाची ठरते, ती त्यामुळे.

उत्तरेला खिडकी नसेल तर आहे त्या खिडकीवर धुतलेले पातळ पांढरे धोतर ताणून बांधावे. कडक ऊन त्यातून गाळून येते. टेबल खिडकीला लावून उजेड वस्तूच्या एका बाजूने येऊ द्यावा आणि समोरच्या बाजूला कार्डशीट उभी करावी. शीट जवळ सरकवली की सावली फिकी होते, दूर नेली की गडद. हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. दुसरी शीट भिंतीला चिकटवून टेबलावर अलगद वळवून सोडली, घडी न पाडता, की टेबल आणि भिंत यांच्यामधली रेघ नाहीशी होते.

खोलीतले दिवे न चुकता बंद करावेत. आकाशाचा उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा, आणि फोनला एका वेळी एकाच उजेडाशी जुळवून घेता येते. दोन्ही मिसळले की अबोली रंगाचे काय होईल ते सांगता येत नाही. गडद रंगाची भिंत जवळ असली तरी तिचा रंग पांढऱ्या वस्तूवर उतरतो.

आता फोन. लेन्स मऊ कापडाने पुसावी. स्वयंपाकघरातल्या तेलकट बोटांचे ठसे फोटोवर धुके आणतात. फोन अगदी जवळ नेला तर डबा फुगलेला दिसतो, म्हणून दोन पावले मागे जाऊन दुप्पट झूम वापरावा. पुस्तकांच्या चळतीला फोन टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावला की हात हलण्याचा प्रश्न मिटतो. पांढऱ्या पार्श्वभूमीला फोन फसतो: फार उजेड आहे असे समजून तो सगळा फोटो राखाडी करतो. पडद्यावर वस्तूवर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवावी. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते आणि चौकटीचा ८५ टक्के भाग वस्तूने भरावा लागतो, तेव्हा ही सवय कामी येते.

चकली आणि अनरशाला खिडकी पाठीमागे घ्यावी. मागून आलेल्या तिरप्या उजेडात चकलीचे काटे आणि अनरशावरची खसखस उठून दिसते. समोरून फ्लॅश मारला की सगळे सपाट. या शहरात विकली जाणारी बिदरी मात्र वेगळे मागते. काळ्या धातूत जडवलेली चांदी आरशासारखी वागते आणि फोन धरणाऱ्याचा हातही दाखवते. तिच्यासमोर सगळीकडे पांढरी शीट लावावी आणि तिला तीच प्रतिबिंबित करू द्यावी.

खरी कसोटी पैठणीची. पैठण इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असले की कापड हलताना रंग पालटते. त्याला धूपछाँव म्हणतात. एका फोटोत ही जादू मावत नाही. त्यामुळे तीच साडी दोन कोनांतून दाखवावी आणि पदर हळूच फिरवतानाचा छोटा व्हिडिओ जोडावा. फोटोला फिल्टर लावू नये. गिऱ्हाईक दूरगावी असते, हातात साडी पडल्यावर त्याला रंग वेगळा वाटला तर साडी परत येते आणि विश्वासही जातो.

आणि पदराच्या उलट्या बाजूचा फोटो अवश्य द्यावा. हातमागावर मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळ्या कांडीवर असतो आणि तो शेजारच्या रंगात अडकवून तिथूनच परत फिरवला जातो. त्यामुळे पदराची पाठ जवळजवळ पुढच्या बाजूसारखीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे आडवे पळत गेलेले किंवा कापलेले असतात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी स्क्रीनवर साडी बघणाऱ्या बाईला हातमागाचा सर्वांत सोपा पुरावा हीच पाठ देते. हिमरू शालीचे याच्या उलट: तिच्या पाठीवर सुटे धागे असणे हीच तिची ओळख. म्हणून शालीचे एक टोक उलटून, उजेड अगदी बाजूने घेऊन, ते धागे मोजता येतील इतक्या जवळून टिपावेत.