दिग्दर्शकाच्या रक्तातलं लिथियम

विश्व जन्मलं तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच हायड्रोजन आणि हेलियमसोबत किंचित लिथियमही तयार झालं. त्याच मूलद्रव्याचा क्षार आज बायपोलर आजाराचं वादळ आवरतो, आणि तो नेमका कसा आवरतो हे अजून पुरतं उलगडलेलं नाही!

शोधही अजब. मेलबर्नचे डॉक्टर जॉन केड उन्मादी रुग्णांच्या लघवीत विष शोधत होते. लघवीतलं युरिक ॲसिड सहज विरघळावं म्हणून त्यांनी त्याचा लिथियम क्षार वापरला, तर टोचलेले गिनीपिग निपचित पडले. (बहुधा लिथियमची विषबाधाच झाली असावी.) केडनी आधी स्वतः ते घेऊन पाहिलं, मग रुग्णांना दिलं आणि 1949 मध्ये निष्कर्ष छापले. तर्क चुकीचा, औषध मात्र खरं.

बायपोलरमधल्या उन्मादाच्या चढात माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, कल्पनांना उसंत नसते. तुटपुंज्या पैशांत सिनेमा करणाऱ्याला हे वरदानच वाटणार. पण रात्रीच्या शूटिंगची जागरणंच हा चढ पेटवू शकतात, आणि पुढे नैराश्याची दरी असते.

स्वतः बायपोलर असलेल्या पॉल डालिओने 2015 मध्ये ‘टच्ड विथ फायर’ केला. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत सगळं त्याचंच. त्यातले दोन कवी मनोरुग्णालयात भेटतात, प्रेमात पडतात, आणि प्रश्न उरतो तो गोळ्यांचा: त्या घेतल्या तर आतली आग विझेल का? ज्यांच्या पुस्तकाचं नाव सिनेमाने घेतलं त्या मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन पडद्यावर स्वतःच्याच भूमिकेत येतात. त्याही बायपोलर.

डॅनिश मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शाउ यांनी लिथियम घेणाऱ्या 24 कलावंतांना हेच विचारलं होतं. 12 जणांचं काम वाढलं होतं, 6 जणांचं तेवढंच राहिलं, 6 जणांचं घटलं. आकडा लहान, तरी भीती पुरती खोटी नाही. जास्त मात्रेमुळे जेमिसनना कित्येक वर्षं धड वाचताच येत नव्हतं. डॉक्टरांनी मात्रा उतरवल्यावर पुस्तकं परत आली.

मात्रेचा हा खेळ मूत्रपिंडात चालतो. सोडियम आणि लिथियम त्याला जवळजवळ सारखेच. घामाने मीठ-पाणी उतरलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्यासोबत लिथियमही, मग रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. भर उन्हात शूटिंग असेल तर लिथियम घेणाऱ्या दिग्दर्शकाच्या हाताशी पाण्याची बाटली हवीच.