गॅसच्या शोधात सापडलेला पाऊस

शहापूर तालुक्यातल्या आसनगाव स्टेशनातून माहुलीचे सुळके दिसतात. कसाऱ्यानंतर रेल्वे थळ घाट चढते आणि इगतपुरीला पोचते. त्या घाटमाथ्यावर पावसाची वाटणी होते. अलीकडचं पाणी भातसेतून उल्हासेला मिळून अरबी समुद्रात जातं. पलीकडचं दारणेतून गोदावरीत उतरतं आणि अवघं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतं. जाताना ते तिथली काळी मातीही वाहून नेतं. या मातीत साठलेला पावसाचा इतिहास हाती आला तो एका वेगळ्याच शोधातून. ते शोधक गॅस हुडकायला निघाले होते.

गॅस हायड्रेट दिसतं बर्फासारखं. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकलेला असतो. काडी लावली तर हा बर्फ पेटतो. एका घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर वायू निघतो. पण समुद्राखालचं हे हायड्रेट टिकतं ते तिथल्या दाबात आणि थंडीतच. वर आणलं की फसफसून संपायला लागतं. असा पदार्थ शोधणं एकट्यादुकट्या संस्थेच्या आवाक्यातलं काम नव्हे. भारताने १९९७ साली राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा हायड्रोकार्बन महासंचालनालय, ओएनजीसी, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था अशा अनेकांना एकत्र यावं लागलं. मुंबईजवळच्या पनवेलला ओएनजीसीचं खास गॅस हायड्रेट संशोधन केंद्र आहे.

याच कार्यक्रमासाठी २८ एप्रिल २००६ रोजी ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे जहाज मुंबईहून निघालं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे टिमोथी कॉलेट या मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते. ११३ दिवसांत २१ ठिकाणी ३९ छिद्रं पाडून २,८०० मीटरहून अधिक लांबीचा गाळ वर काढला गेला. पहिलं ठिकाण केरळ-कोकण खोऱ्यातलं. तिथे हायड्रेट मिळालं नाही, आणि हा नकारही बाकी निष्कर्षांइतक्याच काळजीने नोंदवला गेला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र एका ठिकाणी १२८ मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर लागला.

जहाजावर गाळाने भरलेली प्लास्टिकची लांब नळी वर आली की आधी उष्णता टिपणारा कॅमेरा तिच्यावरून फिरवत. हायड्रेट वितळताना भोवतालची उष्णता शोषतं, त्यामुळे ती जागा गार दिसते. तेवढा तुकडा झटपट कापून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचा. उरलेल्या गाळातलं पाणी पिळून त्याचा खारटपणा मोजायचा. तो कमी भरला तर तिथे हायड्रेट वितळलं असं समजायचं. कॅमेरा एकाच्या हातात, पाणी दुसऱ्याकडे, छिद्रात उतरवलेली उपकरणं तिसऱ्याकडे. तिघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मगच चित्र पुरं होतं.

या नोंदी कपाटात पडून राहिल्या नाहीत. २०१४ साली ‘मरीन अँड पेट्रोलियम जिऑलॉजी’ या नियतकालिकाचा एक विशेषांकच या मोहिमेच्या निष्कर्षांना वाहिलेला होता. त्याआधी, २०१२ मध्ये, कॅमिलो पाँटन, लिव्हियू जिओसान आणि सहकाऱ्यांनी याच मोहिमेतल्या, गोदावरीच्या मुखासमोर मिळालेल्या गाळावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नदीबरोबर वाहत आलेलं पानांवरचं मेण त्यांनी तपासलं. झाडांच्या मेणात आणि कोरड्या माळावरच्या गवताच्या मेणात कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं असतं. त्यावरून दिसलं, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत हा बदल चालू राहिला. २०१७ मध्ये जिओसान आणि सहकाऱ्यांनी त्याच गाळातून दाखवलं, की या काळात दख्खनच्या मातीची धूपही फार वाढली. झाडोरा विरळ झाला, माणसाची शेती पसरली आणि उघडी पडलेली माती वाहून गेली.

गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती सुमारे ३,००० वर्षांपूर्वी उजाड झाली. दख्खनमधल्या अशा वस्त्या मोडण्यामागे हवामान कोरडं होणं हे कारण असावं, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी फार पूर्वीच मांडलं होतं. जमीन खणणाऱ्याची आणि समुद्रतळ खणणाऱ्याची वाट अशी एका जागी येते. तो गाळ केवळ गॅस शोधणाऱ्यांपुरता राहिला असता, तर ही भेट झाली नसती.

हायड्रेटमधून परवडेल असा गॅस काढणं अजून कुठल्याच देशाला साधलेलं नाही. गाळातून मिळालेलं ज्ञान मात्र आज आपल्या हाती आहे. गोळा केलेल्या नोंदीचा पुढे कोणाला काय उपयोग होईल, हे गोळा करणाऱ्याला त्या वेळी कळत नाही. म्हणूनच ती इतरांना खुली असली पाहिजे.

शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आहेत, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. आपल्या पाण्याचा हिशेबही अशा नोंदींतूनच लागेल. तेव्हा वाचकहो, आपल्या शिवारातला पाऊस आणि आपल्या विहिरीची पातळी तारीखवार लिहून ठेवा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, शाळेला द्या, मागेल त्याला दाखवा. ही वही कुलपात ठेवू नका.