नजर चेंडूच्या आधी धावते!

एप्रिलमध्ये यवतमाळजवळच्या कुठल्याही कपाशीच्या रानात जा. जमिनीला एवढ्या भेगा, की टेनिसचा चेंडू आत गेला तर हात घालून काढावा लागतो. जुलैत हीच जमीन चपलेला चिकटून पाय उचलू देत नाही. ही आपली काळी माती. तिच्यातल्या चिकणमातीचे थर कागदाहूनही कितीतरी पातळ असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळलं की आकसते आणि फाटते.

पण क्रिकेटच्या लेखात माती कशाला? सांगते ना!

ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटपाशी पोहोचतो. सर म्हणतात, "बॉलवरची नजर हलवू नको!" आता गंमत ऐका. 2000 साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिओड या शास्त्रज्ञांनी फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवला आणि मशीनमधून चेंडू टाकले. चेंडू सुटताना फलंदाज त्याच्याकडे पाहत होता, पण मग त्याची नजर टुणकन पुढे उडी मारून टप्पा पडणार त्या जागी जाऊन बसत होती, तीही चेंडू तिथे येण्याआधी! जितका तरबेज फलंदाज, तितकी ही उडी लवकर.

टप्पा दिसला, पण तिथून चेंडू किती उसळणार? ते सांगते माती. मुंबईच्या वानखेडेवर लाल माती आहे, चेंडू छान उसळतो. काळ्या मातीवर तो बऱ्याचदा खाली राहतो, जरा थांबून येतो. लहानपणापासून एकाच मातीवर खेळलेल्या मेंदूत हा हिशेब पक्का बसलेला असतो. पाहुण्याला तो तिथेच, बाद होता होता शिकावा लागतो. घरच्या फलंदाजाचा खरा फायदा मला यातच दिसतो.

उदाहरण बघा. फेब्रुवारी 2023 मध्ये नागपूरजवळ जामठ्याला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत भारताने 400 धावा केल्या, त्यात रोहित शर्माच्या 120. ऑस्ट्रेलियाच्या 177 आणि 91! अर्थात आपले फिरकीपटूही जबरदस्त होते. आणि घरी नेहमीच असं होत नाही हं. ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्यात न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने आपले 13 बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज डॉन ब्रॅडमन याची तर तऱ्हाच न्यारी: कसोटीतली सरासरी घरी 98.22, इंग्लंडमध्ये 102.84!

आता तुमची पाळी. शाळेच्या मैदानात भिंतीजवळ कमरेइतक्या उंचीवरून चेंडू सोडा. तो कुठवर उसळेल, तिथे आधीच खडूने रेघ मारा. काळ्या मातीवर, मुरमावर, सिमेंटवर, प्रत्येक ठिकाणी दहादा करा. हळूहळू रेघ बरोबर यायला लागेल. मग सुट्टीत मामाच्या गावी गेलात, की तिथल्या अंगणात पहिल्याच फटक्यात रेघ मारून बघा. चेंडू आणि रेघेत किती बोटांचा फरक पडला, ते पत्राने नक्की कळवा.