शंकर की संकर?

कामरेजला आल्यावर कापसाच्या गाठीवर ‘शंकर’ वाचून मला देवाचं नाव वाटलं. वडील म्हणाले, “अरे, तो संकर! खानदेशात मी त्याचंच बी राखून पुन्हा पेरलं. झाडं एकसारखी आलीच नाहीत, वर्ष वाया गेलं.”

1970 मध्ये डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतेत ‘संकर-4’ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. निसर्गानं हे सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीच केलं होतं. दोन रानटी कपाशींचा संकर झाला. 13-13 गुणसूत्रांच्या जोड्या जमल्या नाहीत, तर रोप वांझ राहतं. इथे ती दुप्पट होऊन 52 झाली, जोड्या जुळल्या, नवी प्रजाती तगली. आजची बहुतेक कपाशी तिचंच लेकरू.

मुलांनो, घरी मराठी, बाहेर गुजराती. दोन्ही पूर्ण जपू या.