कुरुंदवाडचा पूर : उंची आणि मुक्काम



नदीकाठच्या माणसाला पूर नवा नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड हे एकेकाळी पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. १९४८ साली संस्थान गेले, बाजारपेठ राहिली. शेजारच्या नृसिंहवाडीत पावसाळ्यात पाणी देवळात शिरते, पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडते आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याला लोक मुद्दाम स्नानाला जातात. म्हणजे बेताचा पूर आपल्याकडे पाहुण्यासारखा. मळीत गाळ टाकून जातो, रान सुपीक होते. (ही मळी नदीकाठची, कारखान्याच्या टाकीतली नव्हे!) पण पाहुणा मुक्कामाला बसला की घर बुडते.

हा मुक्काम का लांबतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीला एक होऊन पंचगंगा बनते. तिकडे कृष्णेला कराडात कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. हे सगळे पाणी शेवटी शिरोळ तालुक्याच्या सपाट रानात येते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही, तिला फुगवटा येतो. त्यामुळे पाणी चढते भराभर आणि उतरते इंचाइंचाने. नुसता कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा ऐकून कुरुंदवाडकराचे भागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाचा आकडाही त्याला बघावा लागतो. बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, पुलाची ४५ फूट.

जुनी माणसे १९८९ च्या पुराचे नाव काढतात. त्यानंतर २००५ आला. तेव्हा आयर्विनला पाणी ५३ फुटांवर गेले आणि लोकांनी भिंतींवर खुणा करून ठेवल्या. खुणा करणे चांगलेच, पण त्याच खुणांनी पुढे दगा दिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, २००५ ला इथवर आलं न्हाई, मग आता कशाला येतंय, असे म्हणून कितीतरी लोक घरात बसून राहिले. त्या वेळी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेले, राजाराम बंधाऱ्याला ५५ च्या वर. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, बंधाऱ्याने ५६ फूट ओलांडले, पण सांगलीत पाणी २०१९ पेक्षा कमी राहिले. म्हणजे दोन पूर सारखे नसतात आणि मागची खूण ही शेवटची हद्द नव्हे.

अलमट्टीचा वाद आपल्याला माहीत आहे. २०१९ च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळ्यांवर बोट ठेवले. काठच्या पुष्कळ शेतकऱ्यांना हे पटलेले नाही. वाद चालू राहील. लावण मात्र आपल्यालाच करायची आहे.

उसाचे म्हणाल तर, शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस बरेच दिवस तग धरतो. पोंग्यात गाळ बसला की खेळ संपला. आता गंमत बघा. आडसालीची लावण जुलै-ऑगस्टची आणि महापूर येतो तोही नेमका त्याच आठवड्यांत! नवी लावण गाळाखाली जाते. सुरू ऊस तेव्हा सहा-सात महिन्यांचा, त्याचाही शेंडा बुडतो. म्हणून मळीच्या रानात ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लावण आम्हाला बरी वाटते. पाणी येईतो ती चांगली उंच झालेली असते. बेण्याचा प्लॉट मात्र मळीत कधीच नको, माळाकडेच धरावा. पुरात घरचे बेणे गेले तर पुढच्या लावणीला दुसऱ्याच्या दारात जावे लागते.

पाणी ओसरल्यावर घाईने ऊस मोडू नये. आधी चर काढून साचलेले पाणी बाहेर काढावे. मग फडात चार-सहा ठिकाणी पोंगा ओढून बघावा. सहज निघून आला आणि कुजका वास आला तर शेंडा मेला. अशा उसाला कांड्यांवर पांगशा फुटतात, उतारा घसरतो, वजनही जाते. तो तोडणीत लवकर घ्यावा लागतो. तेव्हा पूर ओसरताच गट नंबर, लावणीची तारीख आणि पाणी किती दिवस उभे होते हे आपल्या चिटबॉयकडे लिहून द्यावे. दिवसांचा आकडा अंदाजे सांगू नका, पाणी शिरले त्या दिवसापासून मोजा.