साहेबांच्या दाराबाहेरचे टेबल



माळशेज घाट उतरून खाली मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या बाजूची बरीच मुले-मुली कामाला जातात. कुणी मशीनवर आहे, कुणी स्टोअरला आहे, असे म्हटले की आपल्याला लगेच कळते. पण एका सभासदाची मुलगी सुट्टीला गावी आली आणि म्हणाली, "मी मोठ्या साहेबांची पी.ए. आहे." तेव्हा पारावरून प्रश्न आला, "म्हणजे गं नेमकं करतेस काय?" एक जण म्हणाला, फोन उचलत असेल. दुसरा म्हणाला, चहा सांगत असेल. पोरगी हिरमुसली. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

या कामाला सरकारी भाषेत स्वीय सहायक म्हणतात, कंपनीत एक्झिक्युटिव्ह असिस्टंट म्हणतात. आपल्या कारखान्यातही कार्यकारी संचालकांच्या दाराबाहेर असे एक टेबल असते. तेथील काम समजून घ्यायला पाण्याच्या पाळीचे उदाहरण चांगले. कालव्याला पाणी मोजकेच, मागणारे शेकडो. पाटकरी नीट असला तर टोकाच्या शेतालाही पाणी पोचते. नसला तर वरचा शेतकरी दोनदा भिजवतो आणि खालचा आभाळाकडे बघत बसतो. मोठ्या साहेबांचा दिवस हे असेच मोजके पाणी. त्याची पाळी लावणे हे सहायकाचे पहिले काम.

दुसरे काम टपालाचे. कारखान्यात रोज बँकेचे, साखर आयुक्तालयाचे, वाहतूकदारांचे, सभासदांचे कागद येतात. सगळेच 'तातडीचे' म्हणून येतात. खरे तातडीचे कोणते, हे ओळखावे लागते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी ताळेबंद, अहवाल, नोटिसा. अशा तारखांची वही सहायकाजवळ असते. एखादे पत्र चार दिवस ढिगाखाली राहिले, तर नुकसान साहेबांचे होत नाही, तुमचे-आमचे होते.

तिसरे काम पाठपुराव्याचे. बैठकीत 'करू, बघू' पुष्कळ होते. कोणी, काय, कधीपर्यंत करायचे, हे लिहून घेऊन आठ दिवसांनी त्या खात्याला आठवण देणे, हे काम कोणाला दिसत नाही. पण कारभार त्यावरच चालतो.

चौथी गोष्ट तोंड बंद ठेवण्याची. मळीच्या निविदा, साखरेच्या विक्रीचा भाव, कुणाची बदली, हे सारे त्या टेबलावरून जाते. एक शब्द बाहेर गेला तर कारखान्याचे लाखांचे नुकसान होऊ शकते. म्हणून या जागेवर टायपिंगच्या वेगाआधी माणूस पाहतात.

हे काम किती मोठे होऊ शकते, त्याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. चीनच्या आक्रमणाच्या वेळी, १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांचे खाजगी सचिव म्हणून राम प्रधान हे तरुण सनदी अधिकारी काम करू लागले. खचलेले सैन्य उभे करण्याचे ते दिवस. कागद, माणसे, भेटी सगळे याच टेबलावरून पुढे जायचे. पुढे प्रधान देशाचे गृहसचिव झाले, १९८५ च्या आसाम करारावर त्यांची सही आहे. नंतर ते अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल झाले. दाराबाहेर बसलेला माणूस आतले शिकत असतो, ते असे.

पण या खुर्चीत एक धोकाही आहे. शिवरायांचे चिटणीस बाळाजी आवजी यांनी न लिहिलेले पत्र कोऱ्या कागदावरून वाचून दाखवले, अशी आख्यायिका सांगतात. धन्याचे मन इतके ओळखणे ही मोठीच गोष्ट. मात्र आजच्या सहायकाने साहेबांच्या नावाने कोरा कागद वाचू नये. "साहेब नाही म्हणाले" असे साहेबांना न विचारता सांगणे, ओळखीच्याला आधी आत सोडणे, पहिल्या एस.टी.ने आलेल्या म्हाताऱ्या सभासदाला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवणे, ही या कामाची कीड आहे. भेट पुढे ढकलण्याचा अधिकार सहायकाला असतो, निर्णय देण्याचा नाही.

सभासदांनीही थोडे करावे. अर्ज एका पानाचा असावा. त्यात नाव, गाव, गट नंबर, ऊस नोंदीची तारीख आणि नेमकी मागणी लिहावी. अर्ज दिला की आवक नंबर मागून घ्यावा, आणि पुन्हा विचारताना तोच नंबर सांगावा. मग "तुमचा कागद सापडत नाही" हे उत्तर कोणाला देता येत नाही.

ज्यांच्या घरी मुले-मुली बारावी, पदवीपर्यंत आली आहेत, त्यांनी हा रस्ता जरूर पाहावा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाच्या परीक्षा घेते. मराठी व इंग्रजी दोन्ही कराव्यात; मिनिटाला ३० शब्दांपासून सुरुवात होते. लघुलेखन आले तर सरकारी कचेरीतही वाट आहे. स्वच्छ पत्र लिहिता येणे, हिशेब कळणे आणि रागावलेल्या माणसाशी गोड बोलता येणे, हे मात्र घरीच शिकवावे लागेल.

आणि ती मुरबाडची पोरगी पुन्हा गावी आली, तर पारावर तिला एवढेच विचारावे, "काय गं, आज किती जणांची पाळी लावलीस?" तिला बरे वाटेल.