चहाचे चिनी तबक आणि खरेदीतील विवेक

दिवाळी जवळ आली की सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत भेटवस्तूंची खरेदी सुरू होते. मिठाई व सुकामेव्याबरोबर कपबशांचे संचही त्यात असतात. चिनी पद्धतीचे हस्तनिर्मित पोर्सलेनचे तबक ही त्याच वर्गातील, परंतु अधिक देखणी वस्तू होय. ती देण्यापूर्वी वा घेण्यापूर्वी जैन कुटुंबाने एक गोष्ट अवश्य जाणून घ्यावी.

चीनमधील ‘गोंगफू’ पद्धतीत लहानशा किटलीत भरपूर पाने व थोडे पाणी घेतात आणि त्याच पानांवरून अनेकदा चहा उतरवतात. आरंभी किटली व पेले गरम पाण्याने तापवून ते पाणी तबकातच ओततात. यासाठी तबक बहुधा दुहेरी असते. वरच्या थराला छिद्रे असतात आणि खालच्या खणात पाणी साठते.

अशा कामाचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र म्हणजे ज्यांगशी प्रांतातील जिंगदेझेन. त्याच्या जवळच्या गावलिंग या स्थानावरूनच शुभ्र मातीला ‘केओलिन’ हे नाव मिळाले. ही माती व दळलेला विशिष्ट दगड यांचे मिश्रण सुमारे १,३०० अंश सेल्सियसला भाजले जाते. सुकताना व भाजताना ते आकसते. त्यामुळे पेल्यापेक्षा रुंद, सपाट तबक वाकण्याचा धोका अधिक असतो. निर्दोष तबकाची किंमत चढी असते, ती यासाठीच. चिनी पोर्सलेनचे जुने उत्तम नमुने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, टाटा बंधूंच्या संग्रहात पाहता येतात.

या पारंपरिक चिनी पोर्सलेनमध्ये हाडांची राख नसते. ‘बोन चायना’ ही मात्र वेगळी वस्तू आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड यांनी तिला स्थिर रूप दिले. तिच्यात गुरांच्या हाडांची राख जवळजवळ निम्मी असते. बाजारात दोन्ही वस्तू ‘चायना’ याच नावाने ओळखल्या जातात आणि घोटाळा तेथेच होतो. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरात नकळत अशी भांडी येतात, ती बहुधा भेट म्हणूनच.

ओळखावे कसे? उजेडासमोर धरल्यास बोन चायना किंचित पिवळसर, तर पोर्सलेन निळसर पांढरे भासते. पण हा पुरावा नव्हे. तळावरील शिक्का वाचावा. ‘न्यू बोन चायना’ नावाची काही भांडी हाडांच्या राखेविना बनतात, म्हणून केवळ नावावरूनही निर्णय करू नये. बिलावरील ६९११ हा चार अंकी संकेतांक पोर्सलेन व बोन चायना या दोहोंसाठी एकच आहे, त्यामुळे त्यावरूनही उलगडा होत नाही. घाऊक खरेदी करणाऱ्याने ‘हाडांची राख नाही’ असे उत्पादकाकडून लेखी घ्यावे आणि बिलात मालाचे स्पष्ट वर्णन मागावे. पुढे तोच कागद विक्रेत्याने ग्राहकाला दाखवावा. व्यापारात पत वाढते ती अशाच चोख व्यवहाराने.

तबक घरी आल्यावर यतनाही हवी. खालच्या खणात पाणी साचू देऊ नये. चहा होताच ते रिकामे करून स्वच्छ पुसून कोरडे ठेवावे. सौंदर्य आणि विवेक एकत्र नांदले, तरच अशी वस्तू घराला शोभते.